पायाची करंगळी आणि छत्तिसावं झाड

आमच्या बागेत एका ओळीत छत्तीस झाडं आहेत. मोर्शीकडे संत्र्याची बाग झाडांवर मोजतात, एकरावर नाही. कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "किती झाडं?" मीही माझा पाय झाडांवरच मोजला. आधी छत्तीस झाडं एका दमात जायची आणि तशीच परत यायची. मग एका हिवाळ्यात विसाव्या झाडापाशी उजव्या पोटरीत गोळा आला. दोन मिनिटं उभी राहिले, गेला. पुढे तो पंधराव्यालाच येऊ लागला. उन्हाळा लागेपर्यंत अकराव्यावर आला. गोळा आला की मी फांदी हातात धरून पानं उलटीपालटी करत उभी राहायची. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, बाई फार बारकाईनं बाग बघते.

थांबलं की दुखणं थांबायचं, म्हणून मी त्याला दुखणं मानलंच नाही. चालताना दुखतं ते वयाचं आणि बसल्यावर दुखतं ते रोगाचं, अशी माझी समजूत. सात वर्षांपासून साखर होती, गोळी आठवली तर घ्यायची. आणि आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढे डॉक्टर सांगतील. सोळाव्या वर्षापासून मी दातांना गुडाखू, म्हणजे गुळात कालवलेली तंबाखू, घासत होते. सकाळी चहाच्या आधी, दुपारी जेवणानंतर, आणि मन लागलं नाही की मधेही. बिडी ओढणाऱ्या माणसांना मी नावं ठेवायची आणि माझ्या कमरेला गुडाखूची डबी असायची. आपला तो बाब्या, दुसरं काय.

पावसाळ्याआधी आम्ही सल काढतो. सल म्हणजे झाडावरची वाळून गेलेली काडी. ती तशीच ठेवली तर वाळण खाली खाली उतरत जातं आणि चांगली फांदीही मरते. कापायची रीत ठरलेली आहे. वाळलेल्यासोबत इंचभर हिरवं घ्यायचं, जास्त नाही, कमी नाही, आणि कापल्या जागी मोरचूद-चुन्याचं निळं मलम लावायचं. त्याला आम्ही बोर्डो म्हणतो. या कामात माझा हात चांगला आहे, हे मी स्वतःच सांगते, कारण घरात दुसरं कुणी सांगत नाही.

त्या वर्षी सल काढताना छोटी आरी हातातून सटकली आणि उजव्या पायाच्या करंगळीवर पडली. चप्पल होती, तरी लागलं. रक्त आलं दोन थेंब. मला वाटलं, बरं झालं, थोडक्यात निभावलं. आता कळतं की तिथं यायला रक्तच नव्हतं.

बोर्डोचा डबा शेजारीच होता. झाडाच्या जखमेला चालतं ते माझ्या जखमेला का चालू नये, असा विचार मी केला आणि काडीनं करंगळीभर मलम लावलं. ते वाळून टणक झालं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आणखी एक थर दिला. असं आठ दिवस. माशी बसत नव्हती, पू दिसत नव्हता, बोट कसं देवळातल्या निळ्या खांबासारखं घट्ट आणि कोरडं. मी खूश होते. शेजारणीला दाखवलंसुद्धा. तिनंही लावून बघते म्हटलं, सुदैवानं तिला काही लागलेलं नव्हतं.

फक्त रात्री पाय गादीवर घेतला की आग व्हायची. खाटेवरून खाली लोंबता सोडला की कमी व्हायची. ती आग आरी लागायच्या आधीपासूनची होती. मी महिनाभर तशीच एक पाय खाली सोडून झोपले आणि कुणाला बोलले नाही.

आमचे हे कमी बोलतात. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण त्यांची सगळी वाक्यं एका वहीत मावतील. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी काही न बोलता कोमट पाण्याची बादली आणली, माझा पाय त्यात धरला आणि अंगठ्यानं ते निळं खरवडून काढलं. खाली बोट काळं होतं. नुसतं काळं नाही, कोळशासारखं काळं आणि आकसलेलं. मी बोट हलवायला गेले, ते हललं नाही. ते दाबून बघत होते आणि मला काही कळत नव्हतं.

"अवं, हे तं मेलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काई नाई झालं. वरवरचं हाये ते."

पण मला माहीत होतं. वाळलेली काडी मी आयुष्यभर ओळखत आले आहे.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय उचलून बघितला. नखांच्या कडेला अजून निळं होतं. त्यांनी विचारलं, "हे मलम कोणी लिहून दिलं?" मी म्हटलं, "कोणी नाही, झाडाचं आहे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पावलाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधत राहिले. घोट्याच्या मागे शोधली. गुडघ्याच्या मागे शोधली. तपासण्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की पायाला रक्त पोचत नाही, बोट मेलं आहे, आणि नुसतं बोट कापलं तर जखम भरणार नाही, कारण भरायलाही रक्तच लागतं. गुडघ्याखाली कापावं लागेल. लवकर.

ते नीटच बोलले. चांगला माणूस होता. पण माझ्या कानात एकदम बाबांचा आवाज आला.

माझं माहेर बार्शीटाकळीचं. बाबा भाजीपाला आणि झेंडू लावायचे. बिडी होतीच. त्यांचंही असंच झालं, आधी अंगठा, मग पाऊल, मग मांडीपासून पाय. दवाखान्यातून तो पाय पांढऱ्या कापडात गुंडाळून दिला आणि माझ्या भावानं तो वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरला. शरीराचा भाग असा टाकून देत नाहीत आमच्यात, मातीत देतात. त्यानंतर बाबा चार वर्षं खाटेवर होते. पायाबद्दल तक्रार नाही, दुखण्याबद्दल नाही, पण भेटायला गेलं की एकच विचारायचे, "कुठीसा गाडला व?" मी सांगायची, धुऱ्यावर, निंबाच्या अंगाला. मग म्हणायचे, "एक खेप दाखवजो मले."

आम्ही म्हणायचो, पाऊस उघडू द्या. मग म्हणायचो, चिखल वाळू द्या. मग तूर निघू द्या. एवढं काय अवघड होतं? बैलगाडी होती, नंतर भावाची मोटारसायकल होती. पण बसलेल्या माणसाला नेण्यासाठी उभ्या माणसाला वेळ नसतो. शेवटच्या दिवाळीला त्यांनी मला विचारलं आणि मी म्हटलं, "पुढच्या खेपेला नक्की." पुढची खेप त्यांच्या तेराव्याला झाली. याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

म्हणून मी अमरावतीच्या डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, आम्ही सल काढतो तेव्हा हिरव्याचं इंचभर घेतो. तुम्ही एका काडीसाठी अख्खी फांदी मागता."

ते म्हणाले, "बाई, उशीर केला तर फांदीवर भागणार नाही. जीव जाईल."

"मला दोन दिवस द्या."

"दोनच," ते म्हणाले. आणि संसर्ग वर चढू नये म्हणून औषधं लिहून दिली, ताप आला तर एक तासही थांबू नका म्हणाले.

हे दारात उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, डॉक्टरचं ऐक. ते म्हणाले, "अकोल्याले चाल."

माझा भाऊ आता अकोल्यात राहतो. त्याला कळलं होतं की नागपूरहून एक रक्तवाहिन्यांचा डॉक्टर दर शनिवारी तिथल्या एका दवाखान्यात येतो. तो शुक्रवार होता. मी भावाच्या घरी पाय खाली लोंबता सोडून बसून राहिले. भाऊ माझ्या पायाकडे बघत नव्हता. मला वाटतं, त्याला ते पांढरं कापड आठवत होतं.

डॉक्टर तरुण होता, माझ्या मुलीपेक्षा थोडा मोठा. त्यानं आधी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, मग घोट्याला पट्टा बांधून. पायाचाही रक्तदाब घेतात हे मला माहीत नव्हतं. मग थंड चिकट काहीतरी लावून पेनासारखं यंत्र पावलावर टेकवलं आणि त्यातून आवाज आला. डाव्या पायात धाप-धाप, धाप-धाप, नीट ठोके. उजव्या पायात नुसती सूं. बंद खोलीत फटीतून वारा यावा तशी. मी विचारलं, "हेच का माझं रक्त?" तो म्हणाला, "जेवढं आहे तेवढं."

मग त्यानं कागदावर पाय काढून दाखवला. मांडीतली मोठी नळी आतून चिकटत चिकटत जवळजवळ बंद झाली होती. बसलेलं असताना पोटरीला थोडं रक्त पुरतं, चालताना जास्त लागतं आणि तेवढं येत नाही, म्हणून गोळा येतो. अकराव्या झाडापाशी पोटरी मला उपाशी असल्याचं सांगत होती आणि मी पानं बघत होते.

"म्हंजे आमच्या ड्रिपसारखं," मी म्हटलं. "नळीत खार जमला की शेवटच्या झाडाले पानी पोचत नाही. ते पयले वाळते."

"अगदी तसं. करंगळी तुमचं शेवटचं झाड आहे."

"आमी नळीत ॲसिड सोडून खार धुतो. तुमी सोडत नाही का?"

तो हसला. पहिल्यांदाच कुणीतरी त्या दवाखान्यात हसलं. म्हणाला, ॲसिड नाही, पण फुगा घालून नळी रुंद करून बघता येईल. बघता येईल, एवढंच. नळी उघडली तर बोट जाईल, पाय राहील. नाही उघडली तर अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच करावं लागेल, आणि त्यांचं काही चुकलेलं नाही.

मग तो गंभीर झाला. "काकू, नळी फक्त पायात खराब होत नाही. हेच रक्त हृदयाला जातं, मेंदूला जातं, मूत्रपिंडांना जातं, डोळ्याला जातं. पायानं तुम्हाला सहा महिने सांगितलं. मूत्रपिंडं सांगत नाहीत, गुपचूप वाळतात. हृदय सांगतं, पण वेळ देत नाही. रक्त पूर्ण बंद झालं तर कातडी थोडे दिवस धरते, स्नायू काही तास, मेंदू काही मिनिटं. पाय बोलला हे तुमचं नशीब समजा." मग त्यानं ह्यांच्याकडे वळून विचारलं, "तंबाखू किती खाता?"

हे आयुष्यात सुपारीसुद्धा खात नाहीत. ते माझ्याकडे बघून गप्प बसले. चौतीस वर्षांत त्यांचं गप्प बसणं मला इतकं कधी टोचलं नव्हतं. मी कमरेची डबी काढून टेबलावर ठेवली. "हे माह्यं हाये. बेचाळीस वर्सांचं."

डॉक्टर म्हणाला, "मी नळी उघडीन आणि तुम्ही ती परत बंद कराल. मग माझी मेहनत कशाला?"

मला राग आला. पण कुणावर काढणार? मीच उठून ती डबी खोलीच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. पुढचे तीन महिने मी घरात ज्याला त्याला फाडून खाल्लं, म्हशीलासुद्धा सोडलं नाही, पण डबी परत घेतली नाही. बाबांचा पाय बिडीनं नेला, माझा मी गुडाखूला देणार नव्हते.

फुग्याच्या वेळी मी जागी होते. जांघेतून बारीक तार घातली आणि समोरच्या पडद्यावर माझ्या पायातल्या नळ्या दिसल्या. वर जाडसर, खाली पानगळ झालेल्या झाडासारख्या विरळ. एका ठिकाणी काहीच नव्हतं. डॉक्टर त्या ठिकाणी बराच वेळ खटपट करत होता. एकदा त्यानं "नाही जात" असं म्हटलं, मला नाही, शेजारच्याला. मी मनात म्हटलं, जाते कशी नाही, माझी नळी आहे, तिला माझं ऐकावंच लागेल. कशाचा कशाशी संबंध नसतो, पण पडल्या पडल्या मी दुसरं करणार तरी काय?

मग पावलात ऊब आली. आधी टाचेत, मग तळव्यात. गेलं वर्षभर माझं ते पाऊल थंड होतं, इतकं की झोपेत लागलं तर हे दचकायचे. आता त्यात ऊन पाणी सोडल्यासारखं झालं. मी रडले. डॉक्टरला वाटलं दुखतंय. मी म्हटलं, "दुखत नाही बाबा. आलं."

चार दिवसांनी करंगळी काढली. इंचभर हिरवं घेऊन. मी आधीच सांगून ठेवलं होतं की बोट मला पाहिजे. नर्सला ते विचित्र वाटलं, पण लिहून सही दिल्यावर त्यांनी ते गुंडाळून दिलं. ह्यांनी शर्टाच्या खिशात घालून मोर्शीला नेलं. संध्याकाळी फोन आला. "गाडलं."

"कुठीसा?"

"छत्तिसाव्याखाली. गोटा ठेवला."

एवढंच. पण त्यांनी ओळीच्या अगदी टोकाचं ते झाड का निवडलं, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. बाबांची गोष्ट त्यांनाही माहीत होती.

महिन्यानं घरी आले, तर अख्खी गल्ली मला बसवायला टपलेली. जाऊ म्हणे, "आता बस वं माय, पाय वाचला हे काय कमी हाये?" शेजारीण म्हणे, चालशील तर जखम उघडेल. एकीनं सांगितलं, तिच्या नात्यातल्या कुणाचा तरी चालून चालून दुसराही पाय गेला. त्यांना माझी काळजी होती, हे मला कळत होतं. पण बसवून ठेवलेलं माणूस मी जवळून बघितलेलं आहे. प्रेमानं बसवलेलं.

डॉक्टरनं नेमकं उलट सांगितलं होतं. जखम भरेपर्यंत त्यानं दिलेल्या खास चपलेनं घरातल्या घरात. भरली की चाला. दुखेपर्यंत चाला. दुखलं की उभ्या राहा, थांबलं की पुन्हा चाला. पोटरीला रक्ताची गरज लागली की आजूबाजूच्या बारीक नळ्या रुंद होतात, स्वतःची वाट काढतात. बसल्यानं त्या वाढत नाहीत. हे मी जावेला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरले काय जाते सांगाले?" मी म्हटलं, "माहा पाय जाते, म्हनून मी चालून राहिली."

जखम भरायला अडीच महिने लागले. मग मी बागेत उतरले. पहिल्या दिवशी सहाव्या झाडाला गोळा आला. सहावं! मला वाटलं होतं, नळी उघडली म्हणजे सरळ छत्तीस. फार वाईट वाटलं. पण मी पानं बघायचं सोंग केलं नाही. भर उन्हात, रस्त्यावरून सगळे जात असताना, कमरेवर हात ठेवून नुसती उभी राहिले. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

दुसऱ्या दिवशी अकराव्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची होती. ह्यांनी ठेवलेली. माझं डोकंच फिरलं. "मले बसवता काय तुमी बी?"

ते म्हणाले, "बसू नको. तिथपर्यंत जाय फक्त."

आठ दिवसांनी मी खुर्चीपर्यंत पोचले. बसले नाही, खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी खुर्ची तेराव्या झाडाखाली होती. मग कधी एका झाडानं, कधी दोन झाडांनी ती पुढे सरकत राहिली. एखाद्या आठवड्यात सरकलीच नाही. नवरात्रात मला ताप आला तेव्हा ती मागेही आली, आणि मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. बागेत येणारी माणसं विचारायची, ही खुर्ची इथे कशाला? हे म्हणायचे, राखणीला.

दर महिन्याला डॉक्टर घोट्याला पट्टा बांधून आकडा बघायचा. हृदयाचीही तपासणी करवली, तिथेही एक नळी अरुंद निघाली, गोळ्या सुरू आहेत, जन्मभर राहतील. मी पूर्ण बरी झाले असं मी म्हणणार नाही. आत काय चाललंय ते मला दिसत नाही. पण मूत्रपिंडं गप्प असतात म्हणून मी आता लघवी तपासून घेते, आणि साखरेची गोळी विसरत नाही. जे बोलत नाहीत त्यांचं आधी विचारावं, हे मी ह्यांच्यासोबत राहून शिकायला पाहिजे होतं.

दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री पिवळी पडायला लागली तेव्हा खुर्ची छत्तिसाव्या झाडाखाली गेली. त्या सकाळी मी निघाले. विसाव्याला पोटरी कुरकुरली. अठ्ठाविसाव्याला गोळा आला, उभी राहिले, गेला. तेहतिसाव्याला पुन्हा आला. तिथून ते झाड, ती खुर्ची आणि तिच्या पायाशी ठेवलेला काळा गोटा दिसत होता. मी म्हटलं, ओरड किती ओरडायचं ते, ऐकते मी, पण आता उशीर झाला तर चालेल, थांबणार नाही. मग उभी राहिलेच, डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणून. आणि पुन्हा निघाले.

गोट्याजवळ पोचले. हे खुर्चीमागे उभे होते. "बस आता," म्हणाले.

"बसाले नाही आली," मी म्हटलं.

वाकून गोटा सरकवला. खाली नुसती ओली काळी माती होती, त्यात काही दिसत नव्हतं. तरी मी बघत उभी राहिले, मला बघायचं होतं तेवढा वेळ. बाबा चार वर्षं एवढंच मागत होते. त्यांना मी नेलं नाही. माझं बोट जिथं पुरलंय तिथं मात्र मी माझ्या पायांनी आले, कुणाच्या पुढच्या खेपेची वाट न बघता.

गोटा जागेवर ठेवला आणि परत फिरले. जायला आणखी छत्तीस झाडं होती. मागे हे खुर्ची डोक्यावर घेऊन येत होते.